केशरी आत, हिरवा आत

"कापड कुणाला म्हणता, बाई?"

हे त्या माणसाचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. शाळेत रुजू होऊन मला तासही झाला नव्हता. हेडमास्तरांनी ऑफिसातलं कपाट आवरायला सांगितलं होतं. वरच्या खणात तिरंगा होता, आणि मी आपलं सहज विचारलं, "हे कापड कुठं ठेवू?" मागून असा आवाज आला की माझ्या हातातली किल्ली खाली पडली. वळून बघते तर दारात खाकी पँट, पांढरा शर्ट, इस्त्री अशी की घडीनं बोट कापावं. मिशा पिळलेल्या. नजर माझ्याकडे नाहीच, माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर.

"कापड तुमच्या मशिनीवर असतंय. ह्यो झेंडा हाय. दोन्ही तळहात म्होरं करा."

मी केले. काय करणार? चोवीस वर्षांची पोर, साताऱ्यातून पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलेली, तीही नोकरीला. त्यांनी झेंड्याची घडी माझ्या तळहातांवर ठेवली आणि म्हणाले, "बोटांनी धरायचा न्हाई. पोळपाट न्हाई त्यो. आता कपाटापास्नं टेबलापतोर चला." एकदा नाही, पाच वेळा चालवलं मला. हेडमास्तर बाजूला बसून पेपर वाचत होते. त्यांना सवयीचं असावं. मला इतका संताप आला की त्या संध्याकाळी मी आईला पत्रात लिहिलं, इथं एक वेडा माणूस आहे, त्याच्यापासून लांब राहीन.

शाळा आष्ट्याच्या अलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथं. मी शिवणकामाची बाई आणि ते ड्रिलमास्तर. पण मास्तर त्यांना कुणी म्हणत नसे. गाव, शाळा, पोरं, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांना ते 'हवालदार'. पलटणीतून पेन्शनीत निघाले तेव्हा जो हुद्दा होता तोच नाव होऊन बसला. मूळचे कोरेगावकडचे, बायकोच्या माहेरच्या ओढीनं इकडे आलेले. मूलबाळ नव्हतं.

त्यांचं वेड म्हणजे झेंडा. बाकीच्यांना झेंडा वर्षातून दोनदा आठवतो, यांना रोज. आणि त्यातही चढवण्याचं यांना कौतुक नाही. म्हणायचे, "चढवायला काय, कुणीबी दोरी वढतंय. उतरवायला माणूस लागतंय." सूर्य बुडायच्या आधी झेंडा उतरवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही, आणि मग दोघांनी समोरासमोर उभं राहून घडी घालायची. ही घडी त्यांनी शाळेतल्या एकूण एक मास्तराला शिकवली होती. गणिताच्या मास्तरांना जमत नसे, त्यांची तर दर सहामाहीला परीक्षा. झेंडा आडवा धरायचा. केशरी पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग दोन्ही टोकं मधोमध आणायची. शेवटी वर राहतं ते चाक आणि दोन्ही रंगांची नुसती कड.

"केशरी आत, हिरवा आत," ते कवायतीच्या ठेक्यात म्हणत. "दोगं भांडखोर भाऊ आईच्या पदराखाली गेलं. आता वर ऱ्हायलं काय?"

"चाक!" पोरं ओरडत.

"चाक का ऱ्हायलं?"

याला पुस्तकातलं उत्तर चालत नसे. धर्मचक्र, प्रगती, गती, असलं काही कुणी बोललं की ते "बसा खाली" म्हणत. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "घडी घातली तरी चाक झाकायचं न्हाई. झेंडा कपाटात गेला म्हणून आपली डूटी संपत न्हाई." यावर पोरं हसत. मीही हसायची, खोटं कशाला सांगू.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, "हवालदार, ही घडी शिकलात कुठं?" ते म्हणाले, "ज्या दिशी आपला चढला त्या दिशी त्यांचा उतरला न्हवं? आमी छावणीत हुतो. मी लय बारका शिपाई. उतरवलेल्या झेंड्याचं काय करायचं, कुणालाच ठावं न्हाई. एक जण म्हनला, बूट पुसा. मी म्हनलो, आण हिकडं. मी त्याची घडी घातली."

"साहेबाच्या झेंड्याची?"

"मग? त्याच्यासंगं आमची किती पोरं परमुलखात मेली. झेंड्याचा काय दोस?" मग म्हणाले, "आन् आपल्या माणसाच्या अंगावर घालत्यात, त्यो बी बगितलाय. केशरी डोस्क्याकडं. चितेला आग द्यायच्या आधी काढून घडी घालायची. माणूस जळतंय, झेंडा जळत न्हाई." असं काही बोलले की चहा तसाच राहायचा. तो ते कधी हातात घेत नसत. "टेबलावर ठेवा" म्हणायचे, आणि मग कपाला हात घालायचे तेव्हा तो निवलेला असायचा.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलं तर दिवस जाईल. फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत त्यांची एक्केचाळीस पावलं. बेचाळिसावं नाही. वाटेत काही ठेवलेलं खपत नसे. एकदा हेडमास्तरांनी हौसेनं सिमेंटची कुंडी आणून मधे ठेवली. हवालदार सकाळी आले आणि सरळ कुंडीवर आदळले. नडगी सोलपटली. कुंडीपेक्षा हेडमास्तरच जास्त फुटले म्हणायचे, एवढा आरडाओरडा केला हवालदारांनी. "वाट ती वाट! वाटंत झाडं लावत्यात व्हय?" कुंडी त्याच दिवशी मागच्या बाजूला गेली.

नोटीसबुक आलं की ते माझ्याकडे सरकवायचे. "वाचा बाई, तुमचं वाचणं ग्वाड हाय." वाचून झालं की, "सही कुठं? बोट ठेवा." मी बोट ठेवायची आणि ते ऐटीत सही ठोकायचे. मला वाटे, काय हा तोरा! कलेक्टरच लागून गेले! ड्रिलला शंभर पोरं उभी असली तरी ते खांबाकडे तोंड करून उभे राहत आणि ओरडत, "तिसऱ्या रांगंत कोण रं त्यो, पाय मागनं टाकतोय?" आणि तिसऱ्या रांगेत खरंच कुणीतरी चुकलेलं असे. पोरं म्हणत, हवालदाराला पाठीला डोळे हाईत. मी स्टाफरूमच्या दारात पाऊल टाकलं की न बघता म्हणायचे, "या बाई. डाव्या चपलेचा अंगठा तुटाय लागलाय, शिवून घ्या." याला आम्ही सगळे मिलिटरीची नजर म्हणत असू.

आणि बायको, सगळ्या गावाची मावशी! ती माऊली त्यांना रोज फाटकापर्यंत पोचवायला यायची आणि न्यायला यायची. त्यांच्या दोन पावलं पुढे चालायची आणि तोंडाची टकळी अखंड सुरू. "आवं, हितं चिखुल झालाय बगा, मेली नळाची तोटी गळतीया. आवं, पाटलाची म्हस आडवी बसलीया की, कड्यानं चला." गावातले टवाळ म्हणायचे, हवालदारानं लढाया मारल्या, पण घरात हुकूम मावशीचा. त्यावर ते खो खो हसत. मलाही वाटे, किती बडबडी बाई ही, नवऱ्याला श्वास घेऊ देत नाही.

आता मुद्द्यावर येते. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं आहे.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली ते साल. पाऊस नव्हता, पिकं करपत होती, पण शाळेत सोहळा जोरात करायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष स्वतः झेंडा फडकवणार होते. मोठा ऊस-बागायतदार माणूस, मान मोठा आणि राग त्याहून मोठा. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. कायम करायचं की नाही, ते दिवाळीआधी अध्यक्षच ठरवणार होते. वडील वारलेले, साताऱ्यात आई आणि धाकटी बहीण माझ्याकडे डोळे लावून बसलेली.

बारा तारखेला हेडमास्तरांनी झेंडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, मळलाय. धुवा, इस्त्री करा. दोरी कुजलीय, तीही बदला. हवालदार दोन दिवस रजेवर आहेत, मिरजेला लग्नाला गेलेत. ते असते तर हात लावू दिला नसता." मी खूश झाले. एवढी मिजास करतात झेंड्याची, बघा म्हणावं शिवणाच्या बाईचं काम!

झेंड्याच्या एका बाजूला नेफा असतो, परकराला असतो तसा. त्यातून दोरी ओवलेली असते, आणि दोरीच्या एका टोकाला लाकडाची गुल्ली असते, खांबाच्या दोरीत अडकवायला. मी जुनी दोरी ओढून काढली, गुल्ली घासून पुसून बाजूला ठेवली. झेंडा धुतला, वाळवला, इस्त्री केली. मग पिनेला नवी दोरी लावून नेफ्यातून ओवली, जशी जन्मभर परकरात नाडी ओवत आले तशी. परकराच्या नाडीला वरचं टोक आणि खालचं टोक असं काही नसतं. आलं टोक हाताशी, त्याला गुल्ली बांधली.

चौदा तारखेला संध्याकाळी हवालदार आले. मी झेंडा दिला, तळहातावर, त्यांच्याच पद्धतीनं. त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"दोरी नवी हाय. कुणी घातली?"

"मी. हेडमास्तरांनीच सांगितलं होतं."

मला वाटलं आता गडगडाट होणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "गुल्ली तीच हाय न्हवं?"

"तीच. होती तशीच बांधलीय," मी म्हणाले. ठसक्यात म्हणाले.

"मग हरकत न्हाई," म्हणाले.

सकाळी ऑफिसचं दार आतून लावून त्यांनी एकट्यानं झेंडा बांधला, आत झेंडूच्या पाकळ्या घातल्या. ही त्यांची नेहमीची रीत, बांधताना कुणी जवळ नको. मैदानावर सगळं गाव लोटलेलं. अध्यक्ष फेटा बांधून आले. हवालदारांनी एक्केचाळीस पावलं टाकली, गाठोडं वर चढवलं, दोरी अध्यक्षांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे येऊन ताठ उभे राहिले. मी त्यांच्या अगदी समोर, मुलींच्या रांगेपाशी. अध्यक्षांनी दोरीला झटका दिला. पाकळ्या पडल्या. झेंडा उलगडला.

हिरवा वर. केशरी खाली.

सगळ्या मैदानातून एकच 'आँ' निघाला. मला त्याच क्षणी कळलं, गुल्ली! ती केशरीच्या टोकाला हवी होती, मी हिरव्याच्या टोकाला बांधली होती. पण खरा हादरा तो नव्हता. सगळी माणसं वर बघत होती. मी भीतीनं हवालदारांकडे बघितलं. त्यांनी सलाम ठोकला होता. मान वर, नजर थेट झेंड्यावर. आणि ते हसत होते! काम चोख झालेल्या माणसाचं समाधानाचं हसू. लोकांची कुजबुज वाढली तसे ते कडाडले, "आवाज बंद! झेंडा चढलाय, दिसत न्हाई व्हय?"

दिसत न्हाई व्हय.

अगं आई गं! या माणसाला दिसत नव्हतं. डोक्यावर उलटा झेंडा फडफडतोय आणि याला दिसत नाही! एका क्षणात सगळं माझ्यासमोर उभं राहिलं: एक्केचाळीस पावलं, कुंडी, टेबलावरचा चहा, "बोट ठेवा", मावशीची टकळी. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून नोटीसबुक वाचत होते आणि मला काडीचा संशय आला नव्हता. मी त्याला तोरा म्हणत होते.

हेडमास्तर धावत त्यांच्याजवळ गेले. "हवालदार, खाली घ्या! उलटा झालाय!"

"उलटा?" ते म्हणाले. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. हसू तसंच राहिलं होतं आणि त्याच्या मागचं सगळं गेलं होतं. त्यांनी झेंडा उतरवला, गाठी चाचपल्या, फिरवून बांधला. वेळ लागत होता, लोक बघत होते. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा दोरी ओढली नाही, हेडमास्तरांनी ओढली. भाषणं झाली नाहीत. अध्यक्ष जाताना एवढंच बोलले, "उद्या दहाला ऑफिसात. बांधणारा तिथं पाहिजे." खाऊसुद्धा न वाटता पोरांना घरी सोडलं.

संध्याकाळी झेंडा उतरवायचा होताच. कुणी येणार नाही असं वाटलं म्हणून मी गेले, तर हवालदार खांबाशी उभे. पाठीमागून माझं पाऊल ऐकलं आणि म्हणाले, "या बाई. धरा म्होरनं."

आम्ही समोरासमोर उभं राहून घडी घालू लागलो. केशरी आत, हिरवा आत, असं ते आज म्हणाले नाहीत. त्यांचा हात नेफ्यावरून सरकत गुल्लीपाशी आला आणि थांबला. मला राहवेना. मी रडायलाच लागले. "हवालदार, माझ्याच हातून झालं. मी उद्या सांगते सगळ्यांसमोर. गुल्ली मी उलटी बांधली."

"सांगा की," ते शांतपणे म्हणाले. "मग सायेब मला इचारणार, गुल्ली उलटी हुती, पण रंग तर दिसत हुतं? दिसलं न्हाईत व्हय? मग मी काय सांगू?"

"किती दिवस झाले?"

"चार वरसं. काचबिंदू म्हनत्यात. आधी कडंनं गेलं, मग मधलं. आता निस्ता धूर हाय. परवा लग्नाला न्हवतो गेलो, डाक्टरकडं गेलतो. त्यो म्हनला, हवालदार, आता कशाला हेलपाटं घालता." घडी पूर्ण झाली होती. ती माझ्या तळहातांवर ठेवून त्यांनी मधोमध चाकावर बोट टेकवलं, जराही न चाचपडता. "बाई, ह्ये काम सुटू नये म्हनून कुणाला कळू दिलं न्हाई. काई झालं तरी आंदळ्याच्या हातात झेंडा कोण दिल?"

मी घडी सांभाळत दंडाला डोळे पुसले.

"सकाळी मला काय बोलायचं ते मी बोलीन," ते म्हणाले. "तुमाला काय बोलायचं ते तुमी ठरवा. माझी बळजोरी न्हाई." तेवढ्यात फाटकातून मावशीचा आवाज आला आणि ते त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसात अध्यक्ष, हेडमास्तर, हवालदार आणि मी. मला हेडमास्तरांनी बोलावलं होतं, कारण झेंडा धुतला मी; अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं. मावशी बाहेर पायरीवर बसली होती. अध्यक्ष भडकलेलेच होते. "पंचवीस वर्षं झाली देशाला आन् माझ्या हातनं उलटा झेंडा? अख्ख्या तालुक्यात नाक कापलं माझं! कुणी बांधला?"

"मी," हवालदार म्हणाले.

"झेंड्याला आणखी कुणी हात लावला होता?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दोरीचं ठाऊक होतं. अध्यक्षांनीही माझ्याकडे बघितलं. ही वेळ होती. आणि हवालदार सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "कुणी न्हाई, सायेब. मी रातीला घेतली हुती. उतरली न्हवती."

हवालदार? दारू? अहो, हा माणूस माळकरी बापाचा मुलगा. पलटणीत मिळायची तीसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकायचा, हे सगळ्या गावाला माहीत. गावजेवणात कुणी पिऊन आला तर पंगतीतून उठून जायचा. तो माणूस माझ्यादेखत, मिशा पिळलेल्या, इस्त्री तशीच कडक, सांगत होता की मी दारू पिऊन तिरंगा बांधला. बाहेर पायरीवर मावशीच्या बांगड्या वाजल्या. तिनं तोंडात पदर कोंबला असणार.

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, छे, शक्य नाही. हेडमास्तर म्हणतील, बारा वर्षं ओळखतो मी यांना. कुणी काही म्हणालं नाही. अध्यक्ष एकदम मोकळे झाल्यासारखे मागे टेकले. "तरीच! मिलिटरीतली माणसं, सवय जातीय व्हय?" आणि हेडमास्तरांनी मान डोलावली! मान डोलावली हो त्यांनी! तीस वर्षांच्या सचोटीला त्या खोलीत तीस सेकंदसुद्धा कुणी जागलं नाही. तिथल्या तिथे कागद लिहिला, आजपासून काढलं. हवालदारांनी सही कुठं म्हणून विचारलं. बोट मी ठेवलं.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं, असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांचा आब राखायला मी गप्प बसले, असंही. आता या वयात कशाला खोटं बोलू? माझ्या ओठांवर काहीही आलं नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त दिवाळीआधीचा तो नोकरीचा कागद होता आणि आई होती. हवालदारांचे डोळे मला आठवलेसुद्धा नाहीत. ते बोलले आणि माझा जीव भांड्यात पडला, एवढंच झालं.

नंतर एकदा बाजारात भेटले. मावशी भाजी घेत होती, ते भिंतीला हात लावून उभे होते. मी हळूच विचारलं, "दारूच का हो सांगितलीत? चुकून झालं म्हणाला असता तर?"

"चुकून कसं म्हनू? चूक का झाली, हे खोदत बसलं असतं," ते म्हणाले. "बाई, दारुड्याला लोक शिव्या देत्यात. आंदळ्याला हात देत्यात. मला शिव्या चालत्यात."

आणि तसंच चाललं होतं. आता ते कुठं ठेचकाळले, कुणाला धडकले, की गाव म्हणायचं, सकाळीच घेतलीया हवालदारानं. ज्या पोरांना त्यांनी पाय टाकायला शिकवला, ती त्यांच्यामागे झोकांड्या खात चालून दाखवायची. त्यांना ते ऐकू येत असणार. शंभर पोरांतला एक चुकीचा पाय ज्याला ऐकू यायचा त्याला हेही यायचंच. मी हे बघायची आणि चपलेकडे बघत शाळेत जायची. दिवाळीआधी मी कायम झाले. अध्यक्षांनी स्वतः अभिनंदन केलं, म्हणाले, शिस्तीची माणसं पाहिजेत आम्हाला.

पुढच्या महिन्यात ते गाव सोडून कोरेगावकडे भावाच्या घरी निघाले. मी स्टँडवर गेले. का गेले, ते मलाही सांगता येणार नाही. ट्रंक, वळकटी आणि दोघं. हवालदार बाकावर ताठ बसले होते, फलाटाकडे तोंड करून. मावशीनं मला बघितलं आणि उठून बाजूला घेऊन आली. तिची टकळी त्या दिवशी बंद होती.

"बाई," ती म्हणाली, "त्यांनी मला समदं सांगितलंया."

मला वाटलं आता ही मला बोलणार. चारचौघांत बोलणार. बोलावं, असंच वाटत होतं मला. एक मुस्काटात दिली असती तरी बरं झालं असतं.

"तुमी एक शबुद बोलला असतासा तर त्यांचं समदं उगडं पडलं असतं. तुमची चूक असून, मनाला लागत असून तुमी गप ऱ्हायला. त्यांच्यापायी. लय मोठं मन हाय तुमचं. आवं, सख्खी लेक करणार न्हाई एवढं."

आणि ती पन्नाशीची बाई, भर स्टँडवर, खाली वाकली. तिनं माझ्या दोन्ही पायांना हात लावला आणि ते हात कपाळाला नेले.

मी पाय मागे घेतले नाहीत.